सहा फूट आत

मास्तरांना घाईत कुणी कधी पाहिलं नव्हतं, कारण घाई होईल अशी वेळच ते येऊ देत नसत. दहाची बस असली की हे नऊला थांब्यावर हजर. चार माणसं जेवायला येणार असली की घरात सहांचा स्वयंपाक. पावसाळी दिवशी हातात एक छत्री आणि पिशवीत दुसरी, कारण पहिली उडून गेली तर काय घ्या. शिंपीकाम करणाऱ्याचा हा स्वभावच होऊन बसतो, असं ते स्वतः सांगायचे. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. गिऱ्हाईक आज काडी पहिलवान असेल, उद्या त्याचं लग्न होईल, बायकोच्या हातचं अंगी लागेल, पोट सुटेल. मग शिवण उसवायची, आतली माया बाहेर घ्यायची, की कपडा पुन्हा अंगाला बसला. माया न सोडणारा शिंपी मास्तरांच्या मते शिंपी नव्हेच, नुसता कात्री चालवणारा.

आता हे खरंच आहे की मास्तरांच्या दुकानातून बाहेर पडलेल्या पँटीने कुणाला ऐन वेळी दगा दिला नव्हता. पण माणसाला एका ठिकाणी एका युक्तीचा गुण आला की तो ती सगळीकडे लावत सुटतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

दुकान पुढे अरुंद आणि मागे एक खोली, असं होतं. पुढे मास्तर, त्यांचं मशीन, कापडांचा ढीग आणि दिवसभर येणारी-जाणारी माणसं. मागच्या खोलीत त्यांची बायको. काज, बटणं, हूक, हातशिलाई, सगळं तिच्याकडे. त्या खोलीला खिडकी नव्हती. सकाळी ट्यूबलाइट लागायची ती दुकान बंद होताना विझायची, आणि उजेड डाव्या खांद्यावरून यावा म्हणून बाईंचं स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. एकतीस वर्षं ती बाई त्या भिंतीसमोर बसून बटणं लावत आली. पुढे मास्तर गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायचे, ते तिला मागे ऐकू यायचं. ती स्वतः फार बोलत नसे. बोलली की मात्र मास्तरांची कात्री जागच्या जागी थांबायची.

जमिनीचं खूळ घरात आणलं ते जावयाने. जावईबापू विमा विकत, त्यामुळे त्यांना सगळ्यांच्या भविष्याची फार काळजी. दर रविवारी सोफ्यावर बसून ते फोनवर बोट फिरवत म्हणायचे, "बाबा, सोनं चोरीला जातं, बँकेतला पैसा झोपून राहतो. जमीन कुठे पळून जात नाही. शहराबाहेर दोन एकर घेऊन टाका आणि विसरून जा. दहा वर्षांत तिप्पट."

"दहा वर्षांनी मी बहात्तर वर्षांचा असेन," मास्तर म्हणायचे.

"म्हणूनच म्हणतो, आत्ता घ्या."

ऐकून ऐकून मास्तरांना ते पटू लागलं. शिवाय पुढे कधीतरी लागेल म्हणून आत्ता काहीतरी बाजूला टाकून ठेवायचं, ही कल्पना त्यांच्या रक्तातच होती. मग दलाल आला. हा दलाल प्रत्येक जमिनीवर उतरला की दोन्ही हात पसरून उभा राहायचा आणि सांगायचा, इथून मोठा रस्ता जाणार आहे.

"कुठून?" मास्तर विचारायचे.

"तुम्हाला कुठून हवाय?"

अशा नऊ जमिनी झाल्या. एक निव्वळ खडक होती. एक इतकी उतरती होती की मास्तर बोलता बोलता घसरत दुसऱ्याच्या शेतात गेले. एका जागी तर जमिनीचा मालकच येऊन म्हणाला की मी विकायला काढलेलीच नाही. बायको दर वेळी बरोबर यायची आणि गाडीतच बसून राहायची. दलाल तिच्यासाठी काचेतून हात पसरून दाखवायचा, ती मान हलवायची, गाडी परत फिरायची.

दहावी जमीन म्हणजे गुरं चारायचं साधं माळरान होतं. गवत, दोन उंचवटे, आणि एका कडेला एक मोठं, बुटकं, चहूबाजूंनी पसरलेलं झाड. झाड कसलं ते कुणालाच सांगता येईना. दलाल म्हणाला फळझाड आहे, फळ कुठलं ते फळ आल्यावर कळेल. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि मास्तरांची बायको स्वतःहून खाली उतरली. एव्हाना तिचा गुडघा पार गेलेला होता, तरी ती लंगडत, कुणाचा हात न धरता, सरळ झाडाकडे गेली. चपला काढल्या आणि एका मुळावर बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. दलालाने तीनदा घड्याळ बघितलं.

शेवटी ती म्हणाली, "ही घ्या. माझे साठवलेले आहेत, तेही यातच घाला."

जावईबापू हळूच म्हणाले, "आई, कडेच्या झाडाला पुढे विकताना काही भाव येत नाही बरं."

"मला विकायचं नाहीये. मला इथे बसायचंय."

एकतीस वर्षांत तिने मास्तरांकडे हट्टाने काही मागितलं असेल तर ते हेच. मास्तरांना एकदम भरून आलं. ते म्हणाले, "बसशील गं. तू म्हणशील तेव्हा बसशील. हे झाड तुझं, माझा शब्द." दलालाने लगेच हात पसरले, पण या वेळी त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

कागदपत्रं झाली, नोंदणी झाली, आणि त्याच आठवड्यात बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने घराबाहेर खडबडीत जमिनीवर पाय ठेवायचा नाही. त्यामुळे कुंपणाचं काम मास्तरांच्या एकट्याच्या गळ्यात पडलं. एकट्या शिंप्याला दोन एकर जमिनीवर मोकळं सोडू नये, हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही.

आधी मोजणीदार आला. त्याने चार कोपऱ्यांना चार दगड पुरले आणि चारही बाजूंनी चुन्याची पांढरी रेघ मारून दिली. हिरव्या गवतावर ती सरळ पांढरी रेघ बघितली आणि मास्तरांचे डोळे चमकले. असं काही त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं, फक्त टेबलावर.

कुंपण घालणारा कंत्राटी माणूस म्हणाला, "रेघेवर खांब ठोकतो."

"रेघेवर कात्री चालते," मास्तर म्हणाले. "शिवण आत येते."

"मालक, हे रान आहे."

"कापडच आहे. पन्हा जरा मोठा."

कुंपणवाल्याने आपल्या माणसांकडे बघितलं. त्याच्या हयातीत लोकांनी रेघेच्या बाहेर खांब ठोकायला लावले होते, चार फूट, सहा फूट, एकाने तर रातोरात दगडच हलवला होता. रेघेच्या आत ठोका म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. त्याने विचारलं, आत म्हणजे किती. मास्तरांनी मनाशी हिशोब केला. कमरेला दीड इंच पुरते, पण कमर ती केवढी आणि हे रान केवढं. "सहा फूट," ते म्हणाले. "चारी बाजूंनी. उद्या मोजणीत चूक निघाली, कुणी तंटा काढला, तर आपल्याकडे सहा फूट शिल्लक असायला हवेत. लागेल तेव्हा उसवून बाहेर घेता येतं."

कुंपणवाला शहाणा माणूस होता. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे तो मास्तरांपेक्षाही चांगलं जाणत होता. त्याने सहा फूट आत खांब ठोकायला सुरुवात केली.

तीन दिवस काम चाललं. मास्तर गळ्यात टेप टाकून प्रत्येक खांबामागे धावत होते. रेघेपासून सहा फूट, दोन खांबांत आठ फूट, तार ताठ, झोल नको. मान खाली आणि नजर टेपवर. शिंपी माप घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, आकड्याकडे बघतो. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची तार ओढून झाली, मास्तरांनी मान वर केली, आणि झाड बघितलं. झाड रेघेच्या आत तीन फुटांवर होतं. म्हणजे कुंपणाच्या बाहेर तीन फूट.

मास्तरांनी टेप लावून पुन्हा मोजलं, तीनच फूट भरले. मग मनाची समजूत घातली की जागा आपलीच आहे, झाड आपलंच आहे, जाणार कुठे. कुंपण पुन्हा हलवायचं तर कुंपणवाला हसला असता, आणि मास्तरांना कुणी आपल्या कामाला हसलेलं खपत नसे. ते घरी आले. बायको पाय उशीवर ठेवून बसली होती.

"झाड कसं आहे?" तिने विचारलं.

"छान आहे. हिरवंगार आहे." इतकं म्हणून ते तडक हातपाय धुवायला गेले.

दोन महिन्यांनी मास्तर रानावर गेले तेव्हा झाडाखाली सहा गाई बसलेल्या होत्या. शेजारी पाण्याचा सिमेंटचा हौद होता, आणि कुंपणाच्या कडेकडेने त्या सहा फुटांतून छान मळलेली वाट तयार झाली होती. वाटेच्या टोकाला गवळी उभा होता. शेजारचं रान त्याचं. माणूस दोन माणसांएवढा, पण आवाज अगदी मवाळ.

"या मास्तर," तो म्हणाला. "तुमचे उपकार झाले. इतकी वर्षं हद्द नक्की कुठे ते कळत नव्हतं. तुम्ही कुंपण घातलंत, मिटलं एकदाचं."

"अहो, हद्द रेघेवर आहे. कुंपण आत आहे."

"रेघ तर पावसात गेली."

"दगड आहेत ना."

"असतील. गवतात काय दिसतंय." गवळ्याने शांतपणे विचारलं, "पण मग जागा तुमची असताना बाहेर का ठेवलीत?"

"ती माया आहे."

"म्हणजे?"

मास्तरांनी समजावलं. शिवण म्हणजे काय, माया म्हणजे काय, पोट कसं सुटतं. गवळी सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "पण ती माया कपड्याच्या आत असते ना, मास्तर?"

"आतच."

"मग तुमची बाहेर कशी?"

एकोणचाळीस वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न मास्तरांना कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तो एका गवळ्याने. एका गाईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

ते तसेच मोजणी कार्यालयात गेले. तिथला कारकून म्हणाला, हद्द पुन्हा दाखवायला माणूस येईल, पण तारीख चार महिन्यांनंतरची. आणि डॉक्टर म्हणत होते की अजून तीन आठवड्यांत बाईंना कुठेही न्यायला हरकत नाही. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा घाईत सापडले.

आता खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला की बघवत नाही. त्यातून मास्तर खोटंही माया सोडून बोलायचे. एका थापेत भागत असेल तर ते तीन मारायचे.

"रस्ता फार खराब झालाय," ते जेवताना म्हणाले. "पूलही वाहून गेलाय. आणि साप निघालेत."

"किती?" बायकोने विचारलं.

"दोन. म्हणजे दोन मोठे. एक लहान आहे."

"बरं," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात भाजी वाढली. मास्तरांना वाटलं पचलं. असं आपल्याला नेहमी वाटतं.

मधल्या काळात ते गवळ्याकडे खेटे घालत राहिले. एकदा गवळी कोट घालत होता, पाहुण्यांकडे जायचं होतं, आणि कोट काही केल्या पाठीवर येईना. तयार कपड्यात त्याच्या मापाचं काही मिळत नसे, बिचारा वर्षानुवर्षं अंग चोरून वावरत होता. मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली, कोट उलटा केला, पाठीची शिवण उसवली, आणि आत दडलेलं दीड इंच कापड गवळ्याला दाखवलं. तिथेच ओट्यावर बसून हाताने नवी शिवण घातली. गवळ्याने कोट चढवला, हात वर केले, खाली केले, आरशात जाऊन आला.

"अस्सं होय," तो म्हणाला. "ही माया."

"ही माया," मास्तर म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता.

"म्हणजे ते झाडही तुमचंच म्हणायचं."

"आमचंच. म्हणजे आमच्या हिचं. तिला तिथे बसायचंय हो. दोन आठवड्यांत यायचंय तिला. मी शब्द दिलाय, आणि मीच ते बाहेर ठेवून बसलोय." हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

गवळ्यालाही वाईट वाटलं. पण धंदा तो धंदा. तो म्हणाला की आयुष्यात मला एकदाही नीट बसणारा शर्ट मिळालेला नाही, आणि थोरला मुलगा माझ्याच वळणावर गेलाय. सात शर्टांच्या बदल्यात झाडाखालची जागा मोकळी करून द्यायचं ठरलं. मापासाठी गवळ्याने आपला जुना शर्ट दिला.

मास्तर रात्रंदिवस मशीनवर बसले. शर्ट मागच्या खोलीत गेले की आता काठी घेऊन पुन्हा स्टुलावर बसू लागलेली बायको त्यांची काजं करायची.

"हे गिऱ्हाईक कोण?" आतून आवाज आला. मास्तरांची कात्री थांबली.

"नवीन आहे."

"छाती चौपन्न आहे."

"अंगाने चांगला आहे."

"मापाच्या शर्टाला गोठ्याचा वास येतोय."

"कष्टाळू माणूस आहे," मास्तर म्हणाले आणि मशीनवर पाय जोरात दाबला.

सातही शर्ट घेऊन ते रानावर गेले. गवळ्याने एक घातला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दिल्या शब्दाला जागून त्याने गाई सोडल्या, दूरच्या कोपऱ्यात नेल्या, आणि हौद उचलायला मुलगा बोलावला. दोघं परत येईपर्यंत सहाच्या सहा गाई पुन्हा झाडाखाली बसल्या होत्या. तीनदा हाकलल्या, तीनदा आल्या. हौद तर जमिनीत पक्का बसला होता, तो हलेचना.

"मी ऐकतो, मास्तर," गवळी खाली मान घालून म्हणाला. "गाई ऐकत नाहीत."

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा बायकोने साडी काढून ठेवली होती. "उद्या रविवार," ती म्हणाली. "जावईबापू गाडी घेऊन येतायत. मी येणार आहे."

"पूल," मास्तर म्हणाले.

"जाऊ पोहत."

वाटेत सांगून टाकावं असं मास्तरांना दर वळणावर वाटत होतं आणि दर वळणावर पुढचं वळण दिसत होतं. रानापाशी गाडी थांबली. रस्त्याच्या बाजूला फाटक होतं, मास्तरांनी स्वतः निवडलेलं, कुलपासकट. ते लगबगीने उतरले, कुलूप काढलं, आत शिरले आणि वळून म्हणाले, "ये, सांभाळून ये."

मागे कुणी नव्हतंच. बायको फाटकाकडे आलीच नाही. काठी टेकत ती कुंपणाच्या बाहेरून, त्या मळलेल्या वाटेने, झाडाकडे निघाली होती. मास्तर आतून, ती बाहेरून. मध्ये चार पदरी काटेरी तार. ते तारेच्या कडेने तिच्याबरोबर चालत राहिले आणि तोंडाने काहीबाही बोलत राहिले. ती समोर बघत चालत होती.

झाडाखाली पोहोचल्यावर तिने एका गाईला काठीने हळूच टोचलं. गाय उठली आणि बाजूला झाली. सात शर्टांनी जे झालं नाही ते एका काठीने झालं. बाई मुळावर बसली, चपला काढल्या, आणि मगच नवऱ्याकडे वळून बघितलं.

"काय हो," ती म्हणाली, "ते साप कुठायत?"

मास्तरांनी तारेला धरलं, काटा लागला, हात सोडला. "मी सांगणारच होतो."

"जावईबापूंनी पहिल्याच आठवड्यात कुंपणाचा फोटो दाखवला होता मला. विकताना कसं शोभेल म्हणून काढला होता त्यांनी. सगळं कुंपण छान आलंय त्यात. झाड बाहेर आहे, तेही छान आलंय."

"पहिल्या आठवड्यात?" मास्तरांना पूल, दोन मोठे साप आणि एक लहान, सगळं एकदम आठवलं. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली. तुम्ही शर्ट शिवत बसलात. त्यांची बटणं मीच लावली." तिने काठी बाजूला ठेवली. "मला राग आलाय. कुंपण चुकलं म्हणून नाही. आख्ख्या गावाची मापं घेता तुम्ही. मला कुठे बसायचंय ते एवढं सांगितलं होतं, तेवढं एक ध्यानात राहिलं नाही."

मास्तर म्हणाले, "चुकलं माझं." मग म्हणाले, "तीन महिन्यांनी मोजणीदार येतोय. खांब काढतो, सगळं बाहेर घेतो, झाड आत घेतो. तुझ्याभोवती पक्कं कुंपण करून देतो."

"नको."

"का?"

ती समोर बघत होती. झाडाच्या पलीकडे गवळ्याचं माळरान होतं, त्यापलीकडे दुसऱ्या कुणाचं, आणि मध्ये नजर अडेल असं काहीच नव्हतं. "झाड आत घेतलंत तर समोर तार येईल," ती म्हणाली. "मला आता समोर काही नकोय."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे मागची खोली आली. एकतीस वर्षांत त्यांनी त्या स्टुलावर एकदाही बसून बघितलं नव्हतं. तिथून काय दिसतं ते त्यांना आज कळलं, आणि कळलं तेव्हा त्यांना तिच्याकडे बघवेना.

इतक्यात नवा शर्ट घालून गवळी आला. त्याने बाईंना नमस्कार केला. "वहिनी, हौद हलत नाही. गाईही हलत नाहीत. काय करायचं ते तुम्हीच सांगा."

"तुमच्या गाई राहू देत. मला त्यांचा त्रास नाही. झाड आणि जागा आमची आहे, एवढं कागदावर लिहून सही करा."

"आणि?"

"आणि मी येईन तेव्हा ही जागा मोकळी पाहिजे. हीच."

एव्हाना फाटकातून आत आलेले जावईबापू तारेपाशी धावले. "आई, असं शेजाऱ्याला वापरायला दिलं तर पुढे भाव पडतो. अहो, गाईंसकट कोण विकत घेईल?"

"तुम्हाला कुणी विकायला सांगितलंय?" मास्तर म्हणाले. जावयाशी इतकं तोडून ते लेकीच्या लग्नानंतर प्रथमच बोलले होते. जावईबापू फोन खिशात घालून उभे राहिले.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही तिथे काय उभे? इकडे या."

मास्तरांनी मागे बघितलं. फाटक दोन एकर पलीकडे होतं. पुन्हा सगळं रान तुडवून, बाहेर पडून, वळसा घालून यायचं म्हणजे चांगली पाच मिनिटं. ती बसली होती तीन हातांवर. दुसरा कुठलाही दिवस असता तर मास्तर फाटकाने गेले असते, आणि जाताना कुलूपही ओढून बघितलं असतं. त्यांनी खालच्या दोन तारा फाकवल्या, वाकले आणि डोकं घातलं.

बासष्ट वर्षांचा माणूस स्वतःच ताठ ओढून घेतलेल्या तारेतून जातो तेव्हा जे व्हायचं ते झालं. डोकं आणि खांदे बायकोकडे, उरलेले मास्तर जावयाकडे. गवळ्याने पुढून धरलं, जावयाने मागून ढकललं. टर्र असा लांबलचक आवाज झाला. हा आवाज आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या पँटींना कधी येऊ दिला नव्हता मास्तरांनी. ते बाहेर आले तेव्हा त्यांची पँट मागून खालपर्यंत दोन झाली होती, आणि इतकी सरळ फाटली होती की कात्रीने कापली असती तरी याहून चांगली जमली नसती.

बायकोने तोंडाला पदर लावला. पण हसू पदरात मावेना. ती हसली ती मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि हा आवाज मास्तरांना इतका अनोळखी वाटला की ते फाटकी पँट धरून ऐकत उभे राहिले. पुढच्या दुकानात बसून त्यांनी इतकी वर्षं लोकांना हसवलं होतं. मागून असा आवाज कधी आला नव्हता.

"बसा," ती म्हणाली.

"पँट."

"बसलात की दिसणार नाही."

ते बसले. मूळ दोघांना जेमतेम पुरत होतं. जावईबापू फाटकाकडे वळले, गवळी कागद आणायला गेला. समोर दूरवर वारा गवतातून जात होता आणि मास्तर त्याच्याकडे बघत होते, कारण बघायला दुसरं काही नव्हतं, आणि त्यांच्या लक्षात आलं की ते बरं वाटतंय.

"इथे बसायला दर आठवड्याला आणेन तुला," ते म्हणाले. "जावईबापू सोडतील. संध्याकाळी न्यायला येतील."

"आणि तुम्ही?"

"दुकान आहे ना. अजून दोन-तीन वर्षं चालवू. मग निवांत येऊ दोघं."

"डॉक्टरांनी मला एक गुडघा बदलून दिलाय," ती म्हणाली. "दोन-तीन वर्षांनी दुसरा जाईल. मग तुमचा एखादा. मला एकटीला बसायला झाड नको होतं हो. एकटी मी बसलेच होते की इतकी वर्षं."

मास्तरांनी मनात आठवड्याचे वार मोजले. गुरुवारी बाजार, शुक्रवार-शनिवार गर्दी, रविवारी गिऱ्हाईक माप द्यायला येतं.

"सोमवारी दुकान बंद ठेवतो," ते म्हणाले.

"या सोमवारी?"

"दर सोमवारी." मग त्यांनी आणखी जोडलं, "आणि मंगळवारी."

"मंगळवारी कशाला?"

"सोमवारी काही अडलं तर."

तिने त्यांच्याकडे वळून बघितलं. पहिल्यांदाच तिला त्यांच्या या सवयीत काही वावगं दिसलं नाही. "मंगळवारीही येऊ," ती म्हणाली. "अडो की न अडो."